साडेएकवीस इंचांचा दावा

इस्माईल तांबोळीचं जुन्नरमधलं गॅरेज म्हणजे वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन आणि मध्ये हातोडी घेऊन उकिडवा बसलेला इस्माईल. काम डेंटिंग-पेंटिंगचं. चेपलेला पत्रा आतून ठोकून बाहेर काढायचा, खड्ड्यात लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायचं, रंग मारायचा. वीस वर्षांत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या गाड्या एकमेकींवर जेवढ्या आदळल्या, त्यातल्या निम्म्या तरी त्याच्या हाताखालून गेल्या असतील. नुसता पोचा बघून तो सांगायचा, धडक कशी बसली, कशानं बसली आणि ड्रायव्हर शुद्धीत होता की नव्हता. घरी खरं न सांगता आलेलं गिऱ्हाईक म्हणायचं, "म्हशीनं शिंग मारलं." इस्माईल पोच्यावरून बोट फिरवत विचारायचा, "म्हैस टाटाची व्हती का महिंद्राची?"

माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान कोर्टाच्या अलीकडं, त्याच्या गॅरेजपासून चार दुकानं सोडून. म्हणून ही हकिगत मला पहिल्या अर्जापासून शेवटच्या सहीपर्यंत पाठ आहे. इस्माईलचे कागद मीच टाइप केले आणि समोरच्याचेही मीच. दोघांना दर एकच लावला. एवढा निःपक्षपातीपणा या प्रकरणात दुसऱ्या कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही.

दोन हजार दोनच्या मे महिन्यातली गोष्ट. पारगावचा सोपान हा ऊसवाला बागायतदार, इस्माईलचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या मुलीचं, इंद्रायणीचं लग्न दोन्ही तालुक्यांच्या शिवेवरच्या एका नव्या मंगल कार्यालयात होतं. इस्माईल आणि त्याची बायको नूरबी आपल्या मारुती ओम्नीतून गेले. गाडी जुनीच घेतलेली, पण इस्माईलनं ती अशी घासूनपुसून रंगवली होती की तिच्यात बघून भांग पाडावा. गॅरेजसमोर ती उभी असली की वेगळी पाटी लागत नसे.

कार्यालयाच्या पार्किंगच्या तोंडाशी भिका नावाचा शिट्टीवाला पाच-पाच रुपयांच्या पावत्या फाडत होता. इस्माईलनं त्यानं दाखवलेल्या जागी गाडी लावली, हँडब्रेक ओढला, अक्षता टाकल्या, जेवण केलं. दोन तासांनी बाहेर येऊन बघतो तर ओम्नीची डावी बाजू आत गेलेली. पुढच्या दाराला एक पोचा, मागच्या सरकत्या दाराला एक पोचा, आणि मधला खांब वाकून दोन्ही दारं जाम. शेजारची जागा मोकळी.

"भिका, हितं कुठली गाडी व्हती?"

"मी पंगतीला बसल्तो, मालक. पांढरी व्हती."

"पांढरी कोनची?"

"आता सगळ्याच पांढऱ्या हायत्या की."

इस्माईल मॅनेजरकडं गेला. मॅनेजरनं पावती उलटी करून दाखवली. मागं छापलं होतं, वाहने आपापल्या जबाबदारीवर लावावीत.

"मग पाच रुपये कशाचे?"

"जागेचे."

"आणि शिट्टी?"

"शिस्तीसाठी."

तिथून तो पोलीस चौकीत गेला. हवालदारानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणाला लागलं का?"

"गाडीला लागलं."

"माणसाला?"

"न्हाई."

"घडलं कुठं? रोडवर का आत?"

"आत. पार्किंगमदी."

"मग ती खाजगी जागा झाली," हवालदार म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा आनंद होता. "रोडवर घडलं तर अपघात. आत घडलं त्याला अपघात म्हनता येत न्हाई."

"मग काय म्हनायचं?"

"नुकसान म्हना."

तरीही अर्ज द्या, पोच देतो, असं तो म्हणाला. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी इस्माईल अर्ज टाइप करायला माझ्याकडं आला. अर्ज पाच ओळींचा झाला. तो झाल्यावर इस्माईल म्हणाला, "जरा गॅरेजवर चला. टेप धरायला मानूस पायजे."

मी टेपचं एक टोक पुढच्या पोच्याच्या मधोमध धरलं, त्यानं दुसरं टोक मागच्या पोच्यावर नेलं. साडेएकवीस इंच. दोन्ही पोचे वाटीसारखे गोल, जमिनीपासून सारख्या उंचीवर.

"ही बंपरची धडक न्हाई," इस्माईल म्हणाला. "मागं पाइपांचं गार्ड आसतंय ना, त्याच्या दोन टोकांची हाये. आन् मी गार्ड बनवतो ते अठरा इंची. साडेएकवीसचं आयुष्यात एकच बनवलंय."

"कुणाचं?"

"गेणभाऊचं."

बोरी बुद्रुकचा गेणभाऊ हा आमच्या भागातला विमा एजंट. अंगात सफारी सूट, काखेत बॅग, खिशाला तीन रंगांची तीन पेनं. गोठा जळाला, बैल दगावला, टेम्पो उलटला की घरच्यांच्या आधी गेणभाऊ पोचलेला असायचा. गिऱ्हाइकांना तो लाल शाईनं पोस्टकार्डं पाठवायचा, 'विमा नसलेली गाडी आणि ब्रेक नसलेली गाडी सारखीच. आपली मुदत संपत आहे.' त्याच्या पांढऱ्या एस्टीमला मागं नंबरप्लेट होती ती वीस इंच रुंद, कारण नंबराशेजारी 'विमा सल्लागार' असं लिहायचं होतं. ती प्लेट अठरा इंची गार्डात बसेना, म्हणून इस्माईलकडून त्यानं साडेएकवीसचं करून घेतलं होतं. इस्माईलच्या ओम्नीची पॉलिसीसुद्धा त्यानंच काढून दिलेली.

"मग नाव टाकू की अर्जात," मी म्हणालो.

"थांबा. तो काय करतोय ते बगू."

तिसऱ्या दिवशी गेणभाऊ आला. कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आला. एस्टीम सर्व्हिसिंगला दिल्याचं कुणी न विचारता सांगितलं. मी टाइप केलेल्या प्रती द्यायला तिथंच होतो. ओम्नीभोवती चक्कर मारून त्यानं इतकं हळहळून बघितलं की दुसऱ्या कुणाला त्याची दया आली असती.

"लई वाईट केलं राव कुणीतरी," तो म्हणाला. "माणुसकीच राहिली न्हाई. थांबून सांगायला काय झालं व्हतं?"

नूरबी मागच्या खोलीतून चहा घेऊन आली. "आपल्या विम्यातनं काय मिळंल का, भाऊ?"

गेणभाऊनं बॅग मांडीवर घेतली आणि समजावणीच्या सुरात सांगायला लागला. "भाभी, तुमची पॉलिसी थर्ड पार्टी. म्हंजे इस्माईलभाईंनी दुसऱ्याला ठोकलं, तर कंपनी दुसऱ्याला देनार. दुसऱ्यानं तुमाला ठोकलं, तर त्याची कंपनी तुमाला देनार. पन त्यासाटी त्याचा नंबर पायजे. नंबर न्हाई, म्हंजे वाहन अज्ञात."

"आन् अज्ञात आसल तर?"

"अज्ञाताचं सरकार देतं. पन मानूस मेला तर, न्हाईतर जबर जखमी झाला तर. नुसत्या दाराला देत न्हाई."

नूरबीनं कप खाली ठेवला. "म्हंजे मी जेवाया न जाता गाडीत बसायला पायजे व्हतं."

गेणभाऊ हसला. इस्माईल हसला नाही. गेणभाऊनं बॅगेतून एक छापील फॉर्म काढला. काही मिळणार नाही, पण कंपनीला कळवलेलं बरं, माझ्या हातानं भरून देतो, म्हणाला. नाव, गाव, गाडीचा नंबर भरला. 'धडक देणारे वाहन' या रकान्यात त्यानं वळणदार अक्षरात 'अज्ञात' लिहिलं.

"त्याच्याखाली वर्णन लिवा," इस्माईल म्हणाला.

"अज्ञाताचं काय वर्णन?"

"लिवा. पांढरी गाडी. मागं दोन पाइपांचं गार्ड. टोकांना गोल टोप्या. अंतर साडेएकवीस इंच."

पेन थांबलं. गेणभाऊनं दुसरं पेन काढलं, तेही टेकवलं नाही. "एवडं बारीक कंपनीला लागत न्हाई, इस्माईलभाई."

"मला लागतंय."

गेणभाऊनं फॉर्मची घडी घातली, चहा अर्धा ठेवला आणि मोटारसायकलवाल्याला हाक मारली. इस्माईल पुन्हा एका जीपच्या मडगार्डावर ठोकत बसला. त्यानं एका शब्दानं आरोप केला नव्हता.

आठ दिवसांनी गेणभाऊ माझ्या दुकानात आला. इस्माईल तिथं बसला आहे हे त्यानं बाहेरून बघितलेलंच होतं. मला म्हणाला, "जरा चहा सांगून या." इस्माईल म्हणाला, "त्यांना बसू द्या. कायबी झालं तरी टाइप त्यांनाच करायचंय."

गेणभाऊ स्टुलावर टेकला. "झालं ते झालं. रिव्हर्स घेताना पाय सटकला. मला म्होरच्या लग्नाला जायचं व्हतं. काय खर्च ते सांगा, देतो."

"खर्च कशाला देता? तुमची कंपनी दील की. तुमीच सांगितलं."

गेणभाऊनं बॅग या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. बाहेर कोर्टाचा पुकारा चालला होता.

"तुमच्या गाडीचा इमा हाये ना?" इस्माईलनं विचारलं.

"मार्चमदी संपलाय."

मला हसू आवरेना म्हणून मी कागद शोधायला टेबलाखाली वाकलो. अख्ख्या तालुक्याला लाल शाईनं मुदत कळवणाऱ्या या माणसाला स्वतःला पोस्टकार्ड टाकायचं राहून गेलं होतं. म्हणून तो पार्किंगमधून पळाला. थांबून नाव सांगितलं असतं तर पहिला प्रश्न पॉलिसीचा आला असता, आणि बिगरविम्याची गाडी चालवणारा विमा एजंट म्हटल्यावर एजन्सी गेली असती.

पण वाकून वर आलो तेव्हा गेणभाऊचा चेहरा खुलला होता. त्याच्याकडं तोडगा होता. कव्हर नोटचं, म्हणजे पक्की पॉलिसी येईपर्यंत चालणाऱ्या विम्याच्या कागदाचं, बुक त्याच्याच बॅगेत असतं. लग्नाच्या आदल्या दिवसाची तारीख टाकून स्वतःच्या गाडीची कव्हर नोट फाडायची, मग रीतसर क्लेम करायचा. कंपनी इस्माईलला भरपाई देईल, दोघंही मोकळे.

"म्हंजे तुमी ठोकायचं, आन् खोट्या कागदावर सही मी करायची," इस्माईल म्हणाला. "मला कायबी नको. फक्त एक ओळ लिहून द्या. 'मी उभ्या गाडीला धडक दिली आन् न सांगता गेलो.' खाली सही. पैसेबी नकोत, दार मी ठोकून घेतो."

"पैसे देतो म्हनतोय ना मी. ओळ कशाला?"

"पैसे कशाला? ओळ द्या."

अशी माणसं मी कोर्टाच्या दारात रोज बघतो. त्यांना न्याय नको असतो, कबुली हवी असते, आणि ती त्या इमारतीत सगळ्यात दुर्मीळ. मी इस्माईलला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "तुमी टाइप करा."

दावा दिवाळीआधी लागला. वकील म्हणाले, मोटार कायद्यात खाजगी जागेचा घोळ असला तरी निष्काळजीपणानं केलेल्या नुकसानीचा दिवाणी दावा कुठंही चालतो. रस्ता असो की अंगण. गेणभाऊच्या बाजूनं उत्तर आलं तेही टाइप करायला माझ्याकडं आलं. त्यात लिहिलं होतं की प्रतिवादी त्या लग्नाला गेलाच नव्हता. गेला असेल तर गाडी नेली नव्हती. नेली असेल तर ती जागेवरच उभी होती. हलली असेल तर वादीनं आपली ओम्नी वेडीवाकडी लावलेली होती. आणि यातलं काहीही खरं असलं तरी त्याला प्रतिवादी जबाबदार नाही. मी तीन प्रती काढल्या आणि वकीलसाहेबांना विचारलं, यातलं नेमकं कुठलं घडलं? ते म्हणाले, "कोर्टाला जे पटंल ते."

इकडं वकिलांनी इस्माईलला एक शब्द सांगून ठेवला होता, पुरावा. पोचे हा पुरावा, त्याला हात लावायचा नाही. मग काय, दुपारभराचं काम, पण इस्माईलनं हातोडी लावली नाही. तालुक्यातला नामी डेंटर स्वतः चेपलेली गाडी घेऊन फिरायला लागला. नवीन गिऱ्हाइकं ओम्नी बघून परत जायची. जुनी विचारायची, "इस्माईलभाई, कारागीर बदलला का?" नूरबीची तर वेगळीच तऱ्हा. डावी दोन्ही दारं जाम, त्यामुळं नवऱ्याशेजारच्या सीटवर बसायचं तर त्याच्या मांडीवरून आणि गिअरवरून जावं लागे. ती उजवीकडच्या सरकत्या दारानं मागं बसायची. घोडेगावला माहेरी, बाजाराला, सोयऱ्यांच्या लग्नांना, सगळीकडं मागं. लोकांना वाटायचं, दोघांचं काहीतरी बिनसलंय. ते हळूहळू खरंही व्हायला लागलं.

"तुमाला ती ओळ मिळंल तवा मला पुडं बसवा," ती एकदा माझ्यासमोर म्हणाली. "तोवर मी आपली सवारीच हाये."

भिकाची साक्ष दुसऱ्या वर्षी झाली. पार्किंगमधली गाडी पांढरी होती हे त्यानं ठाम सांगितलं. कोर्टाच्या आवारातल्या किती गाड्या पांढऱ्या आहेत, असं गेणभाऊच्या वकिलांनी विचारलं. भिका खिडकीपाशी जाऊन खरोखर मोजून आला आणि सात म्हणाला. गेणभाऊच्या एस्टीमचं गार्ड तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच निघालं होतं. असं गार्ड कधी नव्हतंच, असं तो शपथेवर सांगत होता.

प्रकरण तिथंच बसलं असतं. ते उठवलं सोपानच्या हौसेनं. लेकीच्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग ठरवताना त्यानं शूटिंगवाल्याला बजावलं होतं, आधी गाड्या घे. किती गाड्या आल्या ते पाव्हण्यांना दिसलं पाहिजे. ही गोष्ट नूरबीला इंद्रायणीच्या बाळाच्या बारशाला कळली. सगळ्या बायकांना ती कॅसेट दाखवत होते. कॅमेरा एकेका गाडीवरून सावकाश सरकत होता, सनई चालू होती, आणि ओम्नीच्या अलीकडं पांढऱ्या एस्टीमची मागची बाजू आली. चकचकीत गार्ड. मध्ये वीस इंची पाटी, आणि तिच्यावर 'विमा सल्लागार'. नूरबी बाळाला कुणाच्या तरी मांडीवर देऊन टीव्हीपाशी गेली आणि म्हणाली, "हे जरा मागं घ्या." पाठवणीच्या वेळी कॅमेरा पुन्हा बाहेर आला होता. ओम्नीची डावी बाजू चेपलेली, शेजारची जागा रिकामी.

पुराव्याच्या यादीसोबत कॅसेट कोर्टात दाखल झाल्याबरोबर समोरून तडजोडीचा निरोप आला. दोन हजार पाचच्या लोकअदालतीत प्रकरण ठेवलं. पॅनेलवर एक न्यायाधीश, एक वकील, एक समाजसेवक. गेणभाऊ नवा सफारी सूट घालून आला. दुरुस्तीची रक्कम आणि खर्च द्यायला तो तयार होता. तडजोडीचा मसुदा पॅनेलच्या वकिलांनी लिहून वाचून दाखवला, "उभय पक्षांच्या वाहनांचा परस्परांशी संपर्क आल्याने निर्माण झालेला वाद आपसांत मिटला आहे."

इस्माईल उभा राहिला. "साहेब, माझी गाडी कवा गेली संपर्काला? ती तर हँडब्रेक लावून उभी व्हती."

"अहो, ही भाषेची पद्धत आहे."

"मग धडक लिवा."

गेणभाऊचे वकील म्हणाले, धडक लिहिलं तर सही नाही. मग पुढची तारीख, पुढची साक्ष, कॅसेट खरी की खोटी याची तपासणी. न्यायाधीशांनी घड्याळाकडं बघितलं. मागं अजून चाळीस प्रकरणं बसलेली होती. नूरबी इस्माईलच्या शेजारी उभी होती. ती बाकावर बसली आणि तिनं पदरानं कपाळ पुसलं. इस्माईलनं तिच्याकडं बघितलं.

"एक शब्द तरी घाला," तो म्हणाला. "'उभ्या' एवडा घाला."

अर्धा तास चर्चा झाली. शेवटी घातला. "वादीच्या उभ्या वाहनाशी प्रतिवादीच्या वाहनाचा संपर्क आल्याने." सुधारलेला कागद टाइप करायला माझ्याकडं आला. तीन वर्षांच्या दाव्यातून इस्माईलनं मिळवलेला तो एक शब्द मी जरा जोरातच टाइप केला.

दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. गेणभाऊच्या हातात गुलाबाचं फूल, शेजारी समाजसेवक. खाली मजकूर, विमा प्रतिनिधींच्या पुढाकारानं अपघाताचं प्रकरण सामंजस्यानं मिटलं. इस्माईलचा एक खांदा फोटोत आला होता.

त्याच दुपारी इस्माईलनं ओम्नी पत्र्याखाली घेतली. संध्याकाळी दोन्ही दारं उघडत-मिटत होती. रंग वाळायची वाट न बघता नूरबी पुढं बसून वेशीपर्यंत जाऊन आली. तिच्या साडीच्या काठाला रंगाचा डाग लागला. त्यावर दोघं भांडले, पण ते साधं नवराबायकोचं भांडण होतं.

पुढच्या मार्चमध्ये ओम्नीच्या विम्याची मुदत संपत आली. लाल शाईचं पोस्टकार्ड आलं, ते इस्माईलनं फाडून टाकलं. या खेपेला पूर्ण विमा घ्यायचा, आपलंही नुकसान भरून देणारा, आणि मधे कुणी नको, असं ठरवून तो एसटीनं थेट कंपनीच्या शाखेत गेला. दिवस मोडला, रांगेत उभा राहिला, फॉर्म स्वतः भरला. पॉलिसी घेऊन माझ्याकडं झेरॉक्सला आला. मी काचेवर ठेवता ठेवता वाचली. अगदी खाली, एजंटच्या रकान्यात गेणभाऊचं नाव आणि कोड नंबर होता.

"हे कसं?" मी विचारलं.

"तितला क्लार्क म्हनला, तुमच्या भागात हेच एजंट हायेत, रकाना मोकळा सोडता येत न्हाई."

"म्हणजे कमिशन त्यालाच."

"व्हय."

"मग तू काय म्हणालास?"

"रकाना मोकळा सोडायचा म्हनलो. तर तो म्हनला, अर्ज करा." इस्माईलनं खुर्ची ओढून घेतली. "कागद हाये का मशिनीत? लावा."